पाणी किती सोडलं ते नको, परत किती आलं ते सांगा

पत्र: जुळे सोलापुरात राहते. दीड वर्षापूर्वी मी आणि माझ्या दिरांनी मिळून कार्पेट आणि सोफे धुवायचं काम सुरू केलं. पाणी फवारून लगेच परत ओढून घेणारं मशीन सेकंडहँड घेतलं. एकच व्हॅक्यूम मोटर आहे, पत्रकावर लिफ्ट 120 इंच आणि हवा 100 सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलंय. पंप आम्ही 100 पीएसआय दाबावर चालवतो. वाँडला, म्हणजे कार्पेटवर फिरवायच्या दांड्याला, 02 नंबरचे दोन जेट (फवाऱ्याची तोंडं) आहेत, होज दीड इंची, 15 मीटरचे दोन तुकडे जोडलेले. मशीनचा आवाज नको म्हणून ते बहुतेक वेळा बाहेर जिन्यातच ठेवतो. एप्रिल-मेमध्ये एकही तक्रार आली नाही. जुलैपासून मात्र रोज कुणाचा ना कुणाचा फोन. कार्पेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओलं राहतं, कुबट वास येतो. सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांच्या कन्सल्टिंग रूममध्ये तर फिकट कार्पेटवर चहासारखे डाग उमटले. त्यांनी अर्धे पैसे अडवलेत. मशीन विकणारे म्हणतात 500 पीएसआयचा पंप आणि मोठे जेट बसवा, 45 हजार खर्च येईल. भाऊजींनाही ते पटलंय, पाणी जोरात गेल्याशिवाय घाण सुटत नाही म्हणतात. मला वाटतं ओढ कमी पडतेय. पण मोटर तर कान किटेपर्यंत ओरडते, मग कमी कशी म्हणू? जेट चोंदतात, ते भाऊजी टाचणीने लगेच मोकळे करतात, त्यामुळे तो प्रश्न नाही. 300 चौरस फुटांना साधारण 60 लिटर पाणी लागतं. परत किती येतं ते कधी मोजलं नाही. काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. एप्रिल-मेमध्ये एकही तक्रार आली नाही.

अहो, सोलापूरचा मे महिना. पारा 42-43 वर, हवा भाकरीच्या तव्यासारखी कोरडी. गच्चीवर पिळून टाकलेली चादर खाली जाऊन चहा घेऊन येईपर्यंत खडखडीत होते. त्या दिवसांत तुम्ही कार्पेटमध्ये बादलीभर पाणी विसरून आलात तरी ऊन आणि हवा ते पिऊन टाकते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. म्हणजे उन्हाळ्यात तुमचं मशीन चांगलं चालत होतं असं समजू नका. त्याची लाज उन्हाळ्याने राखली. जुलै उजाडला, हवा दमट झाली, खिडक्या बंद राहायला लागल्या आणि मशीनचं मूळचं रूप उघडं पडलं. आता सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस जोर धरतो, तेव्हा तर आणखी कठीण जाणार आहे. 45 हजारांचा पंप लावाल तर त्यात भरच पडेल. पंप घेऊ नका.

मी गिरणीत हवेतला ओलावा सांभाळणाऱ्या ह्युमिडिफिकेशन खात्यात फिटर होतो. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं सफाईची कंत्राटं घेतली. त्यामुळे मला हवा मोजायची सवय आहे, पाणी नंतर शिकलो. शिकलो तेही ठेच लागूनच. एका मंगल कार्यालयात श्रावणात अख्ख्या स्टेजचं कार्पेट धुतलं. तुमच्या भाऊजींसारखंच, भरपूर पाण्याने. आदल्या रात्री दिसायला झकास दिसत होतं. सकाळी साखरपुडा होता. नवऱ्या मुलाची आत्या स्टेजवर चढली आणि तिने पदर नाकाला लावला. मी मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होतो. मालक काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मी माझ्या वहीत दोन रकाने आखले, गेलेलं पाणी आणि आलेलं पाणी.

तुम्ही पहिलं काम हेच करा. पुढच्या कामाला जाताना 20 लिटरच्या दोन बादल्या न्या. आतून लिटरच्या खुणा करून ठेवा. चांगल्या पाण्याच्या टाकीत किती ओतलं ते लिहा. काम संपल्यावर घाण पाण्याची टाकी त्याच बादल्यांत रिकामी करा आणि मोजा. तुमच्या 60 लिटरांपैकी 35 आले असं समजू. उरलेले 25 लिटर कुठे गेले? ते त्या 300 फुटांत आहेत, दर चौरस मीटरला जवळजवळ एक लिटर. म्हणजे डॉक्टरांच्या खुर्चीखाली, टेबलाखाली, पाण्याची एकेक बाटली ओतून तुम्ही दार लावून घरी आलात. तेच 60 पैकी 50 परत आले तर मागे 10 राहतात. ते रात्रभरात पंख्याने उडतात. पाणी दोन्ही वेळी तेवढंच सोडलं, फरक सगळा परत येण्यात आहे.

आता भाऊजींचं म्हणणं घेऊ, कारण ते चुकीचं नाही, अर्धवट आहे. घाण सुटायला पाणी लागतंच. कार्पेटच्या मुळाशी सुटलेला साबण आणि चिखल वाहून वर आणायचा तर पाण्याशिवाय कोण आणणार? पाणी फार कंजूषपणे वापरलं तर साबण तंतूंना चिकटून राहतो, आणि मग त्याच्यावर धूळ अशी बसते की महिनाभरात कार्पेट पहिल्यापेक्षा काळं. पण सफाईला पाण्याचा जोर ही एकच गोष्ट लागत नाही. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये हे एका वर्तुळात मांडलं होतं: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी पडलं तर दुसरं वाढवून भरून काढता येतं. तुमच्याकडे जोर वाढवायची घाई आहे आणि वेळ फुकट पडलाय. स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, ब्रशने एकदा घासा, पाणी गरम वापरा. त्याला 45 हजार लागत नाहीत.

त्याच्याही आधी कोरडं व्हॅक्यूम. कार्पेटमधली बरीचशी घाण कोरडी धूळ असते. ती कोरडीच निघते. तिच्यावर पाणी मारलं की तिचा चिखल होतो आणि मग तुम्ही चिखल उपसत बसता. आपल्या गावात यंत्रमागाच्या जवळ ऑफिस असेल तर कापसाचे तंतूही असतात, ते ओले झाले की वाँडच्या फटीत गोळा होऊन बसतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे हेच गाळतात.

पंपाचा हिशेब भाऊजींना कागदावर करून दाखवा. जेटवर 11002 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 110 अंशांचा फवारा, आणि 40 पीएसआय दाबाला मिनिटाला 0.2 गॅलन पाणी. गॅलन अमेरिकन, म्हणजे हे 0.2 गॅलन झाले पाऊण लिटर. दाब वाढवला की पाणी वाढतं, पण सरळ पटीत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने. दाब चौपट केला तर पाणी दुप्पट. तुमच्या 100 पीएसआयला एक जेट मिनिटाला 1.2 लिटर देतो, दोन मिळून 2.4. पंप 400 वर नेलात तर 4.8. वर जेटही मोठे, 04 चे लावले, तर साडेनऊ लिटर. मिनिटाला साडेनऊ लिटर आणि खाली ओढायला तीच एक मोटर! विकणाऱ्याने 500 सांगितलंय ते फरशीच्या सांध्यांसाठी ठीक आहे. कार्पेटवर तुमच्यासारख्या छोट्या मशीनने 100 ते 200 च्या पुढे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. सोफ्यावर तर शंभराच्या आतच राहा.

भाऊजी मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघत असतील असा माझा अंदाज आहे. गाडीत इंजिनावर बसवलेलं मशीन, 400 पीएसआय, वाफा निघणारं पाणी, एका ओढीत पांढरा पट्टा. ते खोटं नाही. पण त्या गाडीतला ब्लोअर 300 ते 500 सीएफएम हवा ओढतो. त्यांनी नुसतं पाणी नाही वाढवलेलं, हवाही वाढवली आहे. तुम्ही त्यांची नुसती अर्धी गोष्ट उचलताय.

आता तुमच्या हवेकडे येऊ. मुळात पाणी परत आणतं कोण? लोक म्हणतात सक्शन. सक्शन हा शब्द घोटाळ्याचा आहे, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रॉने उसाचा रस पिताना गालांनी जी ओढ घेता ती एक. आणि त्या स्ट्रॉतून एका घोटात किती रस आला ती दुसरी. पहिली म्हणजे लिफ्ट, पाणी किती इंच वर चढवू शकतो. दुसरी म्हणजे हवेचा प्रवाह, सीएफएम. पत्रकावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही एकदम मिळतात. तसं नसतं. 120 इंच लिफ्ट मोजतात तोंड पूर्ण बंद करून, तेव्हा हवा शून्य. 100 सीएफएम मोजतात तोंड सताड उघडं ठेवून, तेव्हा लिफ्ट शून्य. तुमचं काम या दोन्हींच्या मधे कुठेतरी चालतं, आणि नेमकं कुठे ते तुमचा होज ठरवतो.

कार्पेटच्या तंतूंमधलं पाणी सुटून वाँडच्या फटीत येतं ते हवा वेगाने घुसते म्हणून. पुढे होजमधून ते थेंबाथेंबाने हवेवर बसून येतं. आकडा बघा म्हणजे प्रमाण लक्षात येईल. 100 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 2,800 लिटर हवा. मिनिटाला अडीच लिटर पाणी आणायला अडीच-तीन हजार लिटर हवा राबते. हमाल हवा आहे, पाणी हे ओझं. ओझं दुप्पट करायचं आणि हमाल तेवढाच ठेवायचा, असा तुमच्या घरात बेत चाललाय.

आणि तुमच्या या हमालाला तुम्ही 30 मीटर दीड इंची बोळातून चालवता. हवा होजच्या भिंतीला घासते, त्यात जोर जातो. लांबी दुप्पट तर घट दुप्पट. व्यासाचा परिणाम मात्र त्याहून कितीतरी तिखट असतो, साधारण पाचव्या घाताने जातो. तेवढीच हवा दीड इंचीऐवजी दोन इंची होजमधून नेली तर घट चौथाईवर येते. गिरणीत सूत कातायच्या रिंग फ्रेमवर न्यूमाफिलची डक्ट असायची, तुटलेला धागा ओढून घेणारी. डक्टमध्ये पंख्याजवळ साधं बोटाएवढं भोक पडलं तरी टोकाच्या फ्रेमवरचे पोरं ओरडायचे, मिस्त्री, कापूस ओढत नाही. पंखा तोच, मोटर तीच. हवेला जवळचा रस्ता सापडला की ती लांब जात नाही, इतकंच.

मोटरच्या ओरडण्याबद्दल तुम्ही विचारलंय. याने मीही सुरुवातीला फसलो होतो. एक प्रयोग करा. मशीन चालू ठेवून होजचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा. आवाज वाढेल, किंचाळल्यासारखा बारीक होईल. हात काढा, आवाज खाली येईल, घोगरा होईल. आपल्याला वाटतं मोटरवर ताण आला म्हणून ओरडते. उलट आहे. हवा बंद झाली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही, ओझं उतरतं आणि मोटर मोकळी सुटते. म्हणजे कान किटेपर्यंत ओरडणारी मोटर सांगत असते की माझ्यातून हवा जात नाहीये. रस्ता तुंबलाय. तुमची मोटर बरेच दिवस हेच सांगत असावी.

तेव्हा पैसे काढायच्या आधी रविवारी सकाळी मशीन अंगणात घ्या. घाण पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं रबर बघा. दबून चपटं झालं असेल, चिरलं असेल तर बदला, फार तर दोनशे-तीनशे रुपयांचं काम. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह पूर्ण बसतो का? होजच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळली असेल तर तिथून हवा पितोय समजा. टाकीच्या आत मोटरच्या तोंडावर जाळी असते, तिच्यावर तंतूंचा नमदा बसलेला असतो. मी पैजेवर सांगतो, तुमच्याही असेल. तो काढा. गिऱ्हाइकाने आधी कधी कपड्याच्या पावडरने कार्पेट घासलं असेल तर टाकीत फेस चढतो आणि फेस मोटरमध्ये जातो. त्याला डिफोमर मिळतो, टाकीत थोडा टाकायचा. वाँडच्या फटीचे ओठ वाकले असतील तर ते कार्पेटवर सपाट बसत नाहीत, बाजूने हवा चोरतात. ओठांवर टेफ्लॉनचं ग्लाइड, म्हणजे गुळगुळीत पट्टी, बसवून घ्या, ओढायला हलकं जातं आणि फट नीट टेकते. खांद्यालाही आराम.

यातलं सगळं झालं की मशीन जिन्यातून आत आणा. फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात मोठा. आवाजाचं गिऱ्हाइकाला आधीच सांगा, तासाभराचा तर प्रश्न. 30 मीटरच्या जागी 8 मीटर होज लागला की तुम्हाला वाटेल मोटर नवी बसवली. पाणी बादलीने भरा. लांब होज लागणारच असेल तिथे मशीनपासून दोन इंची न्या आणि शेवटचे दोन-तीन मीटर दीड इंची ठेवा, हाताला जड होत नाही. फार जाड होजच्या मोहात मात्र पडू नका. एका मोटरची हवा अडीच इंचीमध्ये सोडली तर तिचा वेग पडतो आणि पाणी होजमध्येच आडवं होऊन राहतं. मशीन बंद केल्यावर होज उचलला की भळकन पाणी येतं का, तेही बघत जा. ते पाणी तुमच्या हिशेबात आलेलं नसतं.

टाचणीबद्दल. भाऊजींना प्रेमाने सांगा की टाचणी आजपासून देवघरात ठेवा. जेटचं भोक पितळेचं असलं तर टाचणीने वाढतं, स्टीलचं असलं तरी कडा खराब होते. भोक जरा मोठं झालं की त्याच दाबाला जास्त पाणी जातं, आणि फवारा पंख्यासारखा पसरायचा तो एका बाजूला धार धरतो. तुम्हाला दिसतं जेट मोकळा झाला. तपासायचं कसं? जेट बादलीत धरून बरोबर एक मिनिट ट्रिगर दाबा. 100 पीएसआयला दोन्ही मिळून 2.4 लिटर यायला हवेत. तीन आले तर जेट गेले, फेकून द्या, नवे स्वस्तात मिळतात. मला वाटतं तुमचा पाण्याचा जोर वाढवायचा निर्णय टाचणीने कधीच घेऊन टाकलाय.

आणि जेट चोंदतात तरी का? बोअरचं पाणी वापरत असणार. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते पाणी कार्पेटला कोण वापरेल, मलाही कळतं. पण आपलं बोअरचं पाणी जड, हीटरमध्ये आणि जेटमध्ये पांढरा थर धरतं. रात्री जेट वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. जमेल तेव्हा शेवटच्या धुवणीला तरी नळाचं पाणी वापरा. सोडलेलं पाणी परत नीट यायला लागलं की पाणीही कमी लागतं, हे तुम्हाला महिन्याभरात कळेल.

विजेचं एक. मोटर 1200 वॅटची धरली तर 230 व्होल्टला पाच-साडेपाच अँपिअर. वर पंप. मांडववाल्याकडून आणलेली बारीक वायरची 30 मीटर एक्स्टेंशन लावली की टोकाला व्होल्टेज पडतं, मोटरचे फेरे पडतात आणि हवा पडते. अडीच चौरस मिलिमीटरची तीनपदरी केबल घ्या आणि ती गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळीत ती तापते. पाण्यात उभं राहून काम करता, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) असलेल्याच बोर्डावर मशीन लावा. यात काटकसर करू नका.

वाँड चालवायची रीत. बहुतेक पोरं ट्रिगर दाबून पुढे-मागे घासतात आणि पुढच्या पट्ट्यावर जातात. एक ओढ पाण्याची, मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावर दोन-तीन कोरड्या ओढी, सावकाश. वाँडला काचेची खिडकी असेल तर तिच्याकडे बघत राहा. पहिल्या कोरड्या ओढीला पाणी धावताना दिसेल, दुसरीला थेंब, तिसरीला काच नुसती धुरकट. धुरकट झाली की पुढे चला.

किती कोरड्या ओढी पुरे हे नजरेवर सोडायचं नसेल तर माझी जुनी पद्धत सांगतो. सोलापुरात राहतो, घरात टेरी टॉवेलला तोटा नाही. एक जाड कोरडा टॉवेल चौघडी घालून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, ग्रॅम लिहा. धुतलेल्या कार्पेटवर तो ठेवा आणि त्याच्यावर दोन्ही पाय जुळवून एक मिनिट उभं राहा. उचला, पुन्हा वजन करा. जो फरक आला तेवढं पाणी टॉवेलने प्यायलं. मग शेजारच्या पट्ट्यावर एक कोरडी ओढ जास्त घ्या, नव्या कोरड्या टॉवेलने तेच करा. पुन्हा एक ओढ वाढवा. ज्या ओढीनंतर आकडा कमी व्हायचं थांबतो, ती तुमच्या मशीनची हद्द. दर वेळी एकाच माणसाने उभं राहायचं बरं का, नाहीतर तुमचं आणि भाऊजींचं वजन वेगळं, हिशेब बिघडायचा. हा प्रयोग त्यांच्याच हातून करून घ्या. तुम्ही सांगितलं तर तो वाद होईल, काट्याने सांगितलं तर ऐकतील. होज 30 मीटर ठेवून एकदा आणि 8 मीटर ठेवून एकदा. मला उत्सुकता आहे, आकडे कळवा.

एवढं करूनही कमी पडलं तर खर्च करा, पण दुसऱ्या व्हॅक्यूम मोटरवर. ती जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. विहिरीवर दोन माणसं एकाच दोराला एकामागे एक लागली तर ओढ वाढते, घागर तेवढीच येते. दोघांनी आपापला दोर टाकला तर दोन घागरी येतात, ओढ प्रत्येकाची तेवढीच. मोटरी एकामागे एक जोडल्या तर लिफ्ट वाढते, शेजारी शेजारी जोडल्या तर हवा वाढते. तुम्ही मशीन जवळ ठेवून आखूड होजने काम करणार असाल तर शेजारी शेजारी. बहुमजली इमारतींत लांब होज टाकणारच असाल तर एकामागे एक. दोन मोटरी आणि पंप मिळून साडेअकरा अँपिअरच्या आसपास जातात. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, 16 चा पॉइंट शोधा.

एक चांगला फ्लोअर पंखाही गाडीत टाकून ठेवा. काम संपलं की जमिनीलगत वारा सुटेल असा लावा आणि खिडकी उघडा. बंद खोलीत पंखा लावला तर तीच दमट हवा गोल फिरते. पावसाळ्यात एसी असेल तर खिडकी लावून तो चालू ठेवायला सांगा, तो हवेतलं पाणी काढतो. चोवीस तासांच्या आत कार्पेट कोरडं झालंच पाहिजे, दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी धरायला सुरुवात होते. माझं ध्येय सहा ते आठ तासांचं असायचं.

राहिले डॉक्टर. ते चहासारखे डाग घाणीचे नाहीत, त्या कार्पेटच्या पाठीला ताग असणार. कोपरा उचलून बघा. ताग फार वेळ ओला राहिला की त्यातला तपकिरी रंग पाण्यात उतरतो, आणि वरून वाळताना पाणी तंतूंच्या टोकाकडे चढतं, रंग तिथेच सोडून उडून जातं. साबण अल्कलीचा, जहाल असला तर हे आणखी वाढतं. म्हणून आता पुन्हा धुवायला जाऊ नका, डाग दुप्पट होतील. अर्धा लिटर पाण्यात चहाचा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, आधी कपाटामागच्या कोपऱ्यात करून बघा आणि रंग टिकला तर डागावर फवारणीच्या बाटलीने नुसता हलका फवारा द्या. स्वच्छ टॉवेलने टिपा आणि लगेच पंखा. एकदा नाही गेला तर वाळल्यावर दुसऱ्यांदा. वास असेल तर नुसत्या कोरड्या ओढी मारा, पाणी एक थेंबही नको.

पैशांचं त्यांच्याकडे आत्ता काढू नका. शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर जा, रविवारी त्यांचं कार्पेट पूर्ण वाळेल.